रोहिणीचे चौदा दिवस : पेरणीपूर्वी शरीर कामास कसे आणावे

खानदेशातील कोरडवाहू शेतीचे वर्ष सर्व महिने सारख्या मेहनतीचे नसते. मृगापासून दिवाळीपर्यंत ज्या शेतकऱ्यास पाठ टेकावयास फुरसत मिळत नाही, त्यालाच रब्बीची खळी आटोपल्यावर पुढे अडीच-तीन महिने अंगमेहनतीचे काम फारसे उरत नाही. ज्यांच्या विहिरीस बारमाही पाणी आहे असे थोडे बागाईतदार सोडले, तर धुळे, शिंदखेडे, साक्री व शिरपूर या चारही तालुक्यांत हीच स्थिती आढळते. चैत्र-वैशाखाचे ऊन असे असते की सकाळी दहानंतर शिवारात माणूस दिसत नाही. लग्नसराई, पाहुणचार व आखाजीचा सण यांत दिवस जातात. सालदाराचे वर्षही आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. त्यामुळे जुना सालदार जाऊन नवा कामास लागेपर्यंत घरचे कामही मंदच चालते.

पुढे रोहिणी लागल्या की शेतकरी जागा होतो. तिफणीचे फण पाहतो, वखराची पास शेवटून घेतो, जू व शिवळा तपासतो, दोर नवे करतो. शहाणा शेतकरी बियाण्याची उगवणशक्तीही गोणपाटात शंभर दाणे घालून पाहतो. परंतु ज्याच्या बळावर ही सर्व अवजारे चालावयाची, त्या स्वतःच्या शरीराची तपासणी मात्र कोणी करीत नाही. पाऊस पडला, वाफसा आला, की वैशाखभर बाजेवर पडलेला मनुष्य पहाटे पाच वाजता उठून सायंकाळपर्यंत तिफणीमागे चालतो, खताच्या गोण्या उचलतो, आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसतो. पेरणीचा वाफसा चार-सहा दिवसांचा. तेवढ्यात घरधनी अंथरुणास खिळला तर त्याची भरपाई वर्षभर होत नाही. कित्येकदा गोष्ट कंबरेवरच थांबत नाही. उष्माघात व हृदयविकार हेही अशाच दिवसांत गाठतात. म्हणून सुस्तीच्या हंगामानंतर शरीर कामास कसे आणावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बसून राहिल्याने काय घटते

शरीराची शक्ती ही कोठारातील धान्याप्रमाणे न वापरता शिल्लक राहणारी वस्तू नव्हे; ती वापरली तरच टिकते. या बाबतीत अमेरिकेतील डल्लास शहरी १९६६ साली झालेला प्रयोग शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. विशीतील पाच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले. त्या अवधीत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरून जोराचे काम करण्याची कमाल शक्ती पाव हिश्शाहूनही अधिक घटली. पुढे सुमारे दोन महिन्यांच्या क्रमवार व्यायामाने ती पुन्हा भरून आली. याहून नवलाची गोष्ट तीस वर्षांनंतर दिसली. १९९६ साली, पन्नाशीस आलेल्या त्याच पाच जणांस पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी हानी केली नव्हती, तेवढी तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने केली होती. मग त्यांस सहा महिने हळूहळू वाढविलेला व्यायाम दिला, आणि वयामुळे गेलेली ती शक्ती परत आली.

शेतकरी उन्हाळ्यात अंथरुणास खिळत नाही हे खरे. तो बाजारास जातो, गुरांचे वैरणपाणी पाहतो. त्याची घट त्या तरुणांइतकी होत नाही. पण घट होते, आणि ती काही आठवड्यांतच होऊ लागते. यातून दोन बोध घ्यावयाचे. पहिला असा की, मागील हंगामात आपण काय काम केले होते, यावरून आज आपल्याने काय होईल हे ठरवू नये. दुसरा असा की, वय झाले म्हणून गेलेली शक्ती परत येतच नाही हा समज खोटा आहे. क्रमाने घेतले तर पन्नाशीच्या मनुष्यासही ती परत मिळते.

अंग आंबते ते का, हेही समजून घ्यावे. पुष्कळ दिवसांनी वाकण्याचे, उतरण्याचे किंवा ओझे हळूहळू खाली ठेवण्याचे काम केले म्हणजे स्नायूंच्या धाग्यांस बारीक इजा होते. तिची वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक असते. परंतु तेच काम आधी थोडे करून ठेवले असेल, तर पुढील काही आठवडे त्या स्नायूंस तितकी इजा होत नाही. म्हणजे पेरणीच्या दहा दिवस आधी तासभर वाकून केलेले काम ऐन पेरणीतील आंबणे टाळते. मात्र स्नायू लवकर तयार होतात, तसे त्यांस हाडाशी जोडणारे दोर लवकर तयार होत नाहीत. आठ दिवसांत जोर आल्यासारखे वाटते. तेव्हा त्या जोराच्या भरात गोण्या झोकून देऊ नयेत.

उन्हाची सवय ही वेगळी कमाई आहे

काही शेतकरी विचारतील की, आम्ही खानदेशात जन्मलो, आम्हांस उन्हाची सवय काय लावावयाची? पण उन्हात राहणे निराळे आणि उन्हात राबणे निराळे. राबणाऱ्या शरीरात उष्णता आतूनही उत्पन्न होते. ती बाहेर टाकण्याची युक्ती शरीर सवयीनेच शिकते. रोज तास-दोन तास उष्ण हवेत श्रम केले, तर सात ते चौदा दिवसांत रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर व अधिक सुटतो, त्या घामातून मीठ कमी जाते, आणि त्याच कामास हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडतात. ही कमाई टिकाऊ नसते. आठवडाभर श्रम सुटले की ती ओसरू लागते आणि महिनाभरात बहुतेक नाहीशी होते. जो मनुष्य वैशाखभर कूलरच्या वाऱ्यात बसला, तो जन्माने खानदेशी असला तरी त्याचे शरीर मृगात नवखेच असते.

या ज्ञानासाठी पुष्कळ माणसांचे प्राण गेले आहेत. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँड येथील खोल सोन्याच्या खाणींत १९२० नंतरच्या दशकात कामगार उष्माघाताने मरू लागले. तेव्हा पुढील दशकात नव्या कामगारास एकदम खोल खाणीत न लावता उष्ण जागी थोडथोडे काम देऊन तयार करण्याची पद्धत घालण्यात आली, व मृत्यू पुष्कळ कमी झाले. आज अमेरिकेतील सरकारी कामगार-सुरक्षा खाते सांगते की, कामावर उष्णतेने जे मजूर मरतात त्यांपैकी जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी, आणि शेकडा ७० हून अधिक पहिल्या आठवड्यात मरतात. म्हणून तेथे असा नियम सांगितला आहे की, नव्या मजुरास पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्साच द्यावा व रोज तेवढाच वाढवावा. जुना, पण खंडानंतर परतलेला मजूर असेल तर त्याला पहिल्या दिवशी निम्मे, दुसऱ्या दिवशी शेकडा ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम द्यावे.

आपल्याकडील आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोहिणीचे ऊन कोरडे असते. त्यात घाम लागलीच वाळतो व अंग थंड होते. पहिला पाऊस पडल्यावर पारा उतरतो, पण हवा दमट होते; घाम निथळतो, वाळत नाही. त्यामुळे ऊन कमी झाले असे वाटत असतानाच शरीरातील उष्णता कोंडते. पेरणी नेमकी याच उकाड्यात होते. सबब ऊन तापलेले नाही एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

पाव, अर्धे, पाऊण, पूर्ण

आपल्या वैद्यशास्त्रासही हा विचार नवा नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात बलवान मनुष्यासही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले आहे, आणि इतर ऋतूंत त्याहून कमी. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी मनुष्याचे बळ वर्षात सर्वांत कमी असते असे त्याचे मत आहे. अंगवळणी पडलेली वाईट सवय सोडावयाची व चांगली धरावयाची ती चौथाई-चौथाईने, असेही त्याने सांगून ठेवले आहे. हा चौथाईचा हिशेब शेतकऱ्यास समजावून सांगावा लागत नाही.

योगायोगाने आपल्या पंचांगानेही सोय करून दिली आहे. सूर्य रोहिणीत येतो तो २५ मेच्या सुमारास, आणि मृग लागतो तो ७ जूनच्या सुमारास. मधले हे साधारण चौदा दिवस म्हणजे शरीरास उन्हाची व श्रमाची सवय लागण्यास जितके लागतात तितकेच. त्यांची वाटणी पुढीलप्रमाणे करावी. 'पूर्ण काम' म्हणजे आपल्या भर हंगामातील एक दिवसाचे काम समजावे.

पहिले तीन दिवस पाव काम. सकाळी सहा वाजता शेतावर मोटारसायकलने न जाता पायी जावे. धसकटे वेचणे, बांधावरील झुडपे तोडणे, चर साफ करणे अशी दोन तासांची कामे घ्यावीत व आठ-नऊ वाजता परतावे.

पुढील चार दिवस अर्धे काम. सकाळी सहा ते नऊ व सायंकाळी पाचनंतर एक तास. शेणखत पसरणे, वखरामागे चालणे, हलकी ओझी उचलणे यांचा समावेश करावा. वाकण्याचे काम रोज थोडे तरी असावे.

त्यापुढील चार दिवस पाऊण काम. सकाळचे काम दहापर्यंत न्यावे, म्हणजे चढत्या उन्हाचीही ओळख होते. गोणी उचलण्याचा सराव याच दिवसांत करावा. युरियाची गोणी ४५ किलोची व डीएपीची ५० किलोची असते. ती कंबरेतून वाकून उचलू नये. गुडघ्यांत बसून, छातीशी घेऊन, पायांच्या जोरावर उठावे, आणि उचललेली असताना कंबर पिळू नये. दोघांनी मिळून उचलण्यात कमीपणा नाही.

शेवटचे तीन दिवस पूर्ण काम, पण दुपारी बारा ते चार सावलीतच.

काम बेताचे आहे की अधिक, हे ओळखण्याची साधी खूण अशी : काम करीत असताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य पुरे होण्याआधी दम तुटत असेल तर काम जड आहे. दुसरी खूण सकाळची. उठल्याबरोबर मनगटाची नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा मिनिटास दहाने अधिक चालत असेल, किंवा कालचा शीण तसाच असेल, तर त्या दिवशी वाढ न करता कालचेच किंवा त्याहून कमी काम करावे. दोन दिवस मागे पडल्याने काही बिघडत नाही.

घरी नमस्कार घालणाऱ्यांनी ते अवश्य चालू ठेवावेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला. पाठ, कंबर व मांड्या यांस मोकळे करणारा इतका बिनखर्ची व्यायाम दुसरा क्वचितच सापडेल. पण बंद पडलेले नमस्कार पुन्हा धरताना पाच-सहापासून आरंभ करावा. तालमीतील वस्तादही महिनाभर गैरहजर राहिलेल्या पठ्ठ्यास पहिल्या दिवशी पूर्ण जोर-बैठका काढू देत नाही. तसेच हेही ओळखून असावे की, पहाटे घरात घातलेल्या नमस्कारांनी अंग मोकळे होते, उन्हाची सवय लागत नाही. त्यासाठी शिवारातच गेले पाहिजे.

ज्यांची सर्व मशागत ट्रॅक्टरने होते त्यांस हा उपदेश अधिकच लागू आहे. ट्रॅक्टरवर बसून पाय चालत नाहीत, कंबरेस हादरे मात्र बसतात. वर्षभर न चाललेल्या अशा मनुष्याच्या पाठीवर पुढे फवारणीचा भरलेला पंप चढतो, तेव्हा त्याची खरी परीक्षा होते.

बैलांचाही हिशेब तोच

जे धन्याचे तेच जनावराचे. तापी खोऱ्यातील थिलारी बैल असो की निमाडी, उन्हाळाभर दावणीस उभा राहून नुसता कडबा खाल्लेला बैल मृगाच्या पहिल्या दिवशी आठ तास ओढू शकत नाही. त्याचा खांदा मऊ पडलेला असतो. त्यावर एकदम जू पडले की खांदा लागतो, सुजतो, आणि ऐन पेरणीत जोडी मोडते. म्हणून त्यासही पाव, अर्धे, पाऊण, पूर्ण हाच क्रम द्यावा. आरंभी रिकामी गाडी, मग हलका वखर, मग भारी काम. जोडीची ओढ बैलांच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी असेल तर ती दिवसभर पेलते, हे प्रमाण ध्यानात असावे. जू सोडल्यावर रोज खांद्यावर हात फिरवावा. कढत लागला किंवा फुगवटा जाणवला तर थंड पाण्याने शेकून विश्रांती द्यावी. सरकीची पेंड याच दिवसांत चालू करावी, पण मूठमूठ वाढवीत. एकदम आंबोण वाढविल्यास पोट बिघडते. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसापूर्वी टोचून घ्यावी व टोचल्यावर दोन-चार दिवस जड काम देऊ नये. तोंडास फेस, जीभ बाहेर, धाप थांबेना, पाय अडखळू लागले, की तास तेथेच सोडून जनावर सावलीत न्यावे व अंगावर पाणी घालावे.

पाणी, मीठ व अन्न

तहान लागण्याची वाट पाहू नये. उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांस एक पेला पाणी घ्यावे. ताशी पाऊण ते एक लिटर पुरते. एकदम तांब्याभर पिऊन मग तीन तास न पिणे चुकीचे. नेहमीचे जेवण करणाऱ्यास त्यातील मीठ बहुधा पुरते. घाम फार गेला तर मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत घ्यावे. रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी मीठ वैद्याच्या सल्ल्यावाचून वाढवू नये. लघवी गडद पिवळी होणे ही पाणी कमी पडल्याची खूण होय. कळण्याची भाकरी, वरण, मोड आलेली कडधान्ये व ताक हे आपले नित्याचे अन्न श्रमिकास योग्यच आहे. लग्नसराईतील तळलेले व गोड खाणे तेवढे थांबवावे. दारू घेणाऱ्यास ऊन अधिक लवकर लागते. रात्री सात तास झोप मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचे काम कमी करावे.

केव्हा थांबावे

डोके दुखणे, मळमळ, पायांत वांब येणे, गरगरणे ही पहिली सूचना. तेव्हा सावलीत बसून पाणी प्यावे व त्या दिवशी काम बंद ठेवावे. मनुष्य बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असा तर्क करू नये. राबणाऱ्यास घाम चालू असतानाही तो होतो. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. ती येईपर्यंत वाट न पाहता कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे व वारा घालावा. शेतातील मोटारीचे पाणी, हौद, जे हाती असेल ते वापरावे. बेशुद्ध मनुष्याच्या तोंडात पाणी घालू नये.

छातीत दडपण, ते हातात किंवा जबड्यात पसरणे, दरदरून थंड घाम, ही हृदयविकाराची चिन्हे असू शकतात. गॅस झाला म्हणून सोडा पीत बसू नये; लागलीच दवाखाना गाठावा. फार श्रमानंतर लघवी तपकिरी, काळ्या चहासारखी झाली, तर स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडावर ताण पडत असल्याचे ते लक्षण होय. तेथेही विलंब करू नये. पंचेचाळिशी उलटलेल्यांनी, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी हे चौदा दिवस सुरू करण्यापूर्वी एकदा डॉक्टरांस भेटावे. रक्तदाबाची काही औषधे उन्हात त्रास देतात. ती आपल्या मनाने बंद न करता विचारून घ्यावे.

दुसऱ्याच्या शरीराची जबाबदारी

शेवटी जमीनधारकाचे एक कर्तव्य सांगितले पाहिजे. आपण आपल्या शरीरास चौदा दिवस देऊ शकतो, कारण काम आपल्या हाती आहे. आखाजीस लावलेल्या नव्या सालदारास आणि मृगात बोलाविलेल्या मजुरास तसे म्हणता येत नाही. तो मागे पडला तर कामचुकार ठरेल या भीतीने अंगाबाहेर काम करतो. गुजरातेतील ऊसतोडीहून नुकताच परतलेला मनुष्य सवयीचा असतो, पण थकलेला असतो. महिनाभर घरी बसलेला ताजा असतो, पण सवयीचा नसतो. दोघांसही पहिल्या दिवशी सारखेच काम लावणे हा शहाणपणा नव्हे. घरातील स्त्रियांस तर पाण्याच्या कामामुळे सुस्तीचा हंगाम असा नसतोच. पण निंदणीचे बसून व वाकून करावयाचे काम त्यांसही नवे पडते. पहिला आठवडा काम बेताने वाटावे, पाणी बांधावर ठेवावे, आणि उन्हात कोणासही एकटे कामास लावू नये. यात मजुरीचे दोन-चार तास जातील. पण आठव्या दिवशी तोच मनुष्य पूर्ण काम देईल.

आपण जमीन वाफशावर येईपर्यंत तिच्यात तिफण घालीत नाही. घाई केली तर ढेकळे निघतात व बी वाया जाते, हे अनुभवाने जाणतो. शरीरासही वाफसा असतो. रोहिणीत तो येऊ द्यावा, म्हणजे मृगाच्या पहिल्या पावसावर तिफण धरणारा हात दमणार नाही.